ओबी म्हणजे वरचं सगळं

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला पाहुणा गाडीतून बाहेर बघत हमखास विचारतो, "हा कुठला डोंगर?" आणि आम्ही सांगतो, "डोंगर नाही, ओबी आहे." वर्धा नदीच्या खोऱ्यात, वणी, घुग्घुस आणि भद्रावतीच्या मधल्या पट्ट्यात, जमीन पाटासारखी सपाट. कापूस, तूर, मधेच बाभळींची एखादी रांग. आणि त्यातून एकदम उठलेले, सपाट माथ्याचे, अंगावर पावसानं घळी पाडलेले हे ढिगारे. ओबी हे ओव्हरबर्डनचं खाणीतलं घरगुती नाव. कोळशाच्या वर जे जे असेल ते ओबी. काळी माती, मुरूम, वाळूचा दगड, शेल म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांचा दगड, झाडांची मुळं, बुजलेल्या विहिरीची दगडी कडी. कोळशापर्यंत पोचायचं तर हे सगळं उचलून बाजूला टाकायचं. एक टन कोळशामागे किती घनमीटर ओबी, या एका आकड्यावर उघड्या खाणीचं नशीब ठरतं.

पोरं मात्र ओबीवर खेळतात. "ओबीवर जाऊ नका" हे कॉलनीतल्या प्रत्येक आईचं वाक्य होतं, आणि ते आम्ही सगळ्यांनी मोडलेलं होतं. मी पाचवीत असताना अशाच एका ढिगाऱ्याच्या माथ्यावर राखाडी रंगाचा एक चपटा गोटा उचलून दुसऱ्या गोट्यावर आपटला. तो वहीसारखा उघडला. आत पान होतं. माझ्या तळहाताहून थोडं लांब, कडा गुळगुळीत, टोक गोलसर, मधोमध जाड शीर आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना सुटलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या बारीक शिरांची जाळी. इतकी स्पष्ट की मी ती नखानं उचकटून बघितली. नखाला काळी पूड लागली.

बाबा तेव्हा रात्रपाळी करून आलेले. अंगणात बादली घेऊन मान घासत होते. मी दगड पुढे धरला. त्यांनी एक डोळा उघडून बघितलं आणि म्हणाले, "पान होय. खाली रूफले असे लय असतात." आणि परत साबण लावायला लागले.

त्यांच्या लेखी त्यात नवल काहीच नव्हतं. कोळशाचा थर जिथं संपतो आणि वरचा शेल सुरू होतो तिथं अशी पानं चिकटलेली असतात, आणि जमिनीखालच्या खाणीत तोच शेल छत असतो. म्हणजे माझा बाप तोवर वीस-बावीस वर्षं, डोक्यावरचा दिवा लावून, पानांच्या छताखालून चालत होता, आणि त्यानं ते घरी कधी सांगितलंही नव्हतं. मला कॅपलॅम्पच्या उजेडात वर दिसणारी ती पानं बघायची होती. पण १९५२ च्या खाण कायद्यानं बाईमाणसाला जमिनीखाली कामाला मनाई होती. ती उठली २०१९ मध्ये. तोवर मी बँकेत चष्मा लावून बसले होते.

बाबा ड्रेसर होते. हा शब्द ऐकून मुंबईच्या माझ्या सासूबाईंना ते दवाखान्यात पट्ट्या बांधत असतील असं वाटलं होतं. खाणीत ड्रेसर म्हणजे छत साफ करणारा. स्फोट झाला, धूर ओसरला की माइनिंग सरदाराच्या, म्हणजे पाळीच्या मुकादमाच्या, पाठोपाठ पुढे जायचं, लांब सळईनं छत ठोकत जायचं आणि ऐकायचं. पक्कं छत टणक वाजतं. आत कुठं थर सुटला असेल तर आवाज बदलतो, रिकाम्या माठावर टिचकी मारल्यासारखा भद येतो. तसा आवाज आला की बाजूला उभं राहून सळईनं तो तुकडा खाली पाडायचा, नाहीतर त्याच्याखाली टेका द्यायचा. लाकडी टेक्यावर बाबांचा फार जीव. लोखंडी टेका मुका, लाकूड मोडण्याआधी करकरतं, पळायला वेळ देतं, असं ते म्हणत. निवृत्त होऊन आता अठरा वर्षं झाली, तरी नव्या घरात शिरताना त्यांचा हात चौकटीवर टकटक केल्याशिवाय राहत नाही. माझ्या फ्लॅटच्या खोट्या छतावर त्यांनी छत्रीचं टोक मारलं तेव्हा बिल्डरचा माणूस दचकला होता.

ते १९६९ साली कोळसा भरणारा मजूर म्हणून लागले. १ मे १९७३ ला खाणी सरकारच्या झाल्या. त्या दिवशीबद्दल त्यांना एकच गोष्ट आठवते: हजेरीचं रजिस्टर तेच होतं, फक्त पुठ्ठ्यावरचं मालकाचं नाव खोडलेलं होतं.

पानाचं नाव मला कळलं कॉलेजात. माझा विषय वाणिज्य. पण मैत्रीण भूशास्त्राला होती आणि तिच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात माझं पान ठेवलेलं होतं. म्हणजे तसंच दुसरं. ग्लोसोप्टेरिस. ग्रीकमधे ग्लोसा म्हणजे जीभ. जिभेसारखं पान म्हणून ब्रोन्यार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२८ साली ते नाव दिलं. साधारण २९ ते २५ कोटी वर्षांपूर्वी या झाडांची रानं इथल्या दलदलीत उभी होती. आपली जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या खूप खाली, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. हिवाळा लांब आणि अंधारा. सगळं रान एकदम पानगळ करी आणि पानांचा गालिचा चिखलात दबत जाई. मी नखानं उचकटलं ते पान असल्याच एखाद्या हिवाळ्याच्या तोंडाशी गळालेलं असणार.

या पानाची एक गोष्ट मी ज्याला त्याला सांगत सुटते. रॉबर्ट स्कॉट हा इंग्रज दर्यावर्दी दक्षिण ध्रुवावर पोचला आणि परत येताना १९१२ च्या मार्चमध्ये साथीदारांसह बर्फात मेला. भूक, थंडी, फुटलेले पाय, स्लेज ओढायला अंगात त्राण नाही. तरीही त्यांनी वाटेत गोळा केलेले सुमारे १६ किलो दगड फेकून दिले नव्हते. नोव्हेंबरमध्ये प्रेतं सापडली तेव्हा दगडही सापडले. त्या दगडांत पानं होती, आणि पुढे केंब्रिजच्या सिवर्डनं ती तपासून त्यांना जे नाव दिलं ते होतं ग्लोसोप्टेरिस इंडिका. अंटार्क्टिकातलं पान, नाव भारताचं. मी ही गोष्ट बाबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सोळा किलो? उपाशी माणसानं?" ज्यानं पाटीनं कोळसा भरला आहे त्याला सोळा किलो म्हणजे काय ते कळतं.

कोळशाच्याही खाली आणखी एक नवल आहे. आमच्या पट्टीतला कोळसा ज्या थरांत सापडतो त्यांना बराकर म्हणतात, दूर पूर्वेकडच्या एका नदीच्या नावावरून. त्याखाली तालचिर, ओडिशातल्या गावाच्या नावाचं. आणि तालचिरच्या तळाशी आहेत हिमनद्यांनी वाहून आणून टाकलेले दगडगोटे. चंद्रपूर जिल्ह्यात. जिथं मे महिन्यात पारा सत्तेचाळिसावर जातो आणि दुपारी बारानंतर कुत्रंही रस्ता ओलांडत नाही, तिथं एकेकाळी बर्फ सरकत होता. याचा पुरावा पैनगंगेच्या काठी इरई नावाच्या गावाजवळ सापडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडन नावाच्या माणसाला १८७० च्या दशकात तिथल्या चुनखडकावर समांतर ओरखडे दिसले. बर्फाच्या बुडात अडकलेले दगड खालच्या खडकावरून घासत गेले की उमटतात तसे. ओले पोहे पाट्यावर वाटताना मधे खडा आला की पाट्यावर रेघ उठते, तशी रेघ; फक्त पाटा नदीएवढा आणि वरवंटा शेकडो फूट जाडीचा.

मी आणि धाकटा भाऊ एकदा त्या बाजूला मोटरसायकलवर गेलो होतो. फेब्रुवारी, पाणी उतरलेलं. चुनखडकाच्या पायऱ्यांसारख्या फरश्या पात्रात उघड्या पडलेल्या. आम्ही दोघं ओणवे होऊन त्यावरून हात फिरवत चाललो होतो. घोंगड्या धुवायला आलेली एक म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "काय हारपलं व माय?" भाऊ म्हणाला, "बर्फ." तिनं आमच्याकडे बघितलं, मग सूर्याकडे बघितलं आणि घोंगडी आपटायला लागली. त्या दिवशी ओरखडे सापडले नाहीत. गाळाखाली असतील, किंवा आम्ही दुसऱ्याच वळणावर होतो. पण काठाच्या हिरवट मातीत वेगवेगळ्या जातीचे, वेगवेगळ्या रंगाचे गोटे एकत्र कोंबलेले दिसले. मूठभर, डोक्याएवढे, एक तर बकरीएवढा. नदी असे गोटे टाकत नाही. नदी निवडून, मोठे वेगळे, लहान वेगळे टाकते. बर्फ निवडत नाही.

१८७० चं ते दशकच मोठं गजबजलेलं. फेडन इरईला. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम भांदकला, म्हणजे आजच्या भद्रावतीला, लेणी मोजतोय. वरोऱ्याला सरकार कोळशाची खाण चालवतंय आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा टाकतंय; ती खाण १९०६ मध्ये बंद झाली. आणि त्याच दशकात, १८७२ मध्ये, मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञानं या सगळ्या कोळसाधारी थरांना एक नाव सुचवलं: गोंडवाना. चार वर्षांनी फाइस्टमांटेलनं ते छापलं. पुढे ऑस्ट्रियाचा भूशास्त्रज्ञ झ्यूस यानं भारत, आफ्रिका अशा दूरदूरच्या भूभागांना एकत्र जोडणाऱ्या प्राचीन भूखंडालाच ते नाव दिलं. आज ब्राझिलमधल्या शाळेतलं पोरगंही गोंडवाना म्हणतं. ज्यांच्या नावावरून हे झालं ते गोंड राजे आमचे. बल्लारपूरचा किल्ला, चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, परकोट, त्याच्या वेशींवर हत्तीला नमवणारा सिंह. आणि गोंड माणसं आमची शेजारी.

त्यांच्यापैकी एका गावाची हकिगत सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. खाण वाढणार होती, गाव वर होतं. कागदोपत्री ते 'बाधित', आणि माणसं 'प्रकल्पग्रस्त'. नोकरी कुणाला, किती एकरामागे एक, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, यावर दहा वर्षं गेली. मग पुनर्वसनाचे प्लॉट पडले, घरं हलली. शेवटी उरली मातामाय. गावाच्या शिवेवर कडुलिंबाखाली शेंदूर लावलेले तीन गोटे. ते हलवायला ट्रॅक्टर आला तेव्हा मी सुटीवर होते म्हणून बघायला मिळालं. भूमकानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, आदल्या रात्री कोंबडं दिलं होतं. गोटे उचलायला गेले तर दिसलं, जमिनीवर होतं ते फक्त डोकं. खाली हातभर लांबी अजून मातीत. दोन माणसांनी सब्बल लावून काढलं. खालचा भाग शेंदराविना, नितळ, पिवळसर वाळूच्या दगडाचा. किती पिढ्यांनी त्याचं फक्त डोकं बघितलं होतं. ट्रॉलीत तांदूळ पसरून त्यावर ठेवले. नव्या जागी कडुलिंब नव्हता म्हणून रोप लावलं. ते पहिल्या उन्हाळ्यात गेलं. दुसरं लावलं, ते आहे.

त्या गावाच्या जागेवरून पुढे शॉवेल फिरला. कामाच्या भाषेत तेही ओबी काढणंच.

मला यात कुणा एकाला खलनायक करायचं नाही. मी त्याच कोळशाच्या पगारावर शिकले. आमच्या घरातला ट्यूबलाइट चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रावर चालायचा. आज त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे आणि त्याचा धूर आमच्या गच्चीवरून दिसतो. आईनं वाळत घातलेल्या पापडांवर जी काळी पूड बसायची ती झटकून आम्ही पापड खाल्ले. तक्रार आहे ती फक्त त्या शब्दाशी. वरचं सगळं ओझं, या शब्दाशी. कारण एकदा काहीतरी ओझं ठरलं की त्यात काय आहे हे बघायची गरज संपते.

ओबीच्या ढिगाऱ्यात एक गंमत असते, ती लहानपणी कळली नव्हती. खोदताना पहिल्यांदा निघते काळी माती, मग तांबडा कामठी वाळूचा दगड, मग राखाडी शेल. टाकताना पहिलं निघालेलं तळाशी जातं. म्हणजे सगळ्यात नवं खाली, सगळ्यात जुनं वर. आता नियमानं वरची माती वेगळी साठवायची असते. माझ्या लहानपणी सगळं एकत्रच डंप होई. म्हणून तर पाचवीतल्या पोरीला माथ्यावर ते पान सापडलं, आणि म्हणूनच त्या डंपवर कित्येक वर्षं बाभळीशिवाय काही रुजलं नाही. पिकाची माती पोटात गेली होती.

त्या पोटात आणखी काय काय गेलं असेल याचा हिशेब करायला बसलं की झोप उडते. कारण आमच्या भागात उगीच कुदळ मारली तरी काहीतरी लागतं. वरोरा तालुक्यातलं पिसदुरा घ्या. तिथल्या शेतात नांगराला लागणारे लांबट, वेढे पडलेले गोटे म्हणजे डायनासोरचं शेण. दगड झालेलं. एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या काळापासून ते गोळा होत आलंय. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच शेणात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण शोधले. तोवर समज असा की डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतं. पिसदुऱ्याच्या शेणानं तो खोटा पाडला. शेणाची अशी प्रतिष्ठा जगात दुसऱ्या कुठल्या तालुक्याला मिळाली नसेल, आणि वरोऱ्याच्या बसस्टँडवर त्याची एक पाटी नाही.

हिस्लॉप हा माणूस मला फार आवडतो. धर्मप्रसाराला आला आणि खडकांत रमला. मंगळीच्या थरातून मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी त्याच्यामार्फत लंडनला गेली आणि तिथं रिचर्ड ओवेननं तिचं वर्णन केलं. पण त्याला दगडातल्या प्राण्यांइतकीच दगड रचणाऱ्या माणसांची ओढ होती. विदर्भात लोहयुगातल्या लोकांनी मेलेल्यांसाठी रचलेली शिळावर्तुळं आहेत. जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट. मोठमोठे धोंडे गोलात मांडलेले, आत लोखंडाची हत्यारं, घोड्यांचे तांब्याचे दागिने. ४ सप्टेंबर १८६३ ला हिस्लॉप टाकळघाटची वर्तुळं बघायला गेला आणि रात्री परतताना पूर आलेल्या नाल्यात घोड्यावरून जाता जाता बुडाला. आमच्याकडचा नाला भाद्रपदात काय करतो ते आम्हाला माहीत आहे. त्याला वाटलं असेल, एवढासा तर आहे.

आणि याहून जुनं हवं असेल तर चंद्रपूर शहराला लागूनच पापामियाँ टेकडी आहे. तिथं आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. लोखंडाच्या कित्येक लाख वर्षं आधीच्या. अशी एक कुऱ्हाड मी हातात धरली आहे. थेंबाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी छिललेली, आणि अंगठा जिथं बसवावासा वाटतो नेमका तिथं एक चिरा कमी काढलेला. माझा अंगठा बसला. त्याचाही असाच बसत असेल, असं मनात आलं आणि मी ती घाईनं खाली ठेवली. त्या टेकडीचं आज काय झालंय ते चंद्रपूरकरांना विचारा. माझा आवाज चढतो.

कधीकधी वरचं ओझं आपल्या पायानं खाली जातं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसला वस्तीतलं एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. हादरे जाणवले म्हणून घरची माणसं आधीच बाहेर धावली होती, ती वाचली. मागे राहिला एक खोल खड्डा. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी. ती बातमी टीव्हीवर चालू होती तेव्हा बाबा आवाज बंद करून नुसतं चित्र बघत होते. मी विचारलं तर म्हणाले, "लाकूड सडते. माणूस गेल्यावर टेका कोण पाहाते?"

त्याच हिवाळ्यात मी त्यांना विजासनला, भद्रावतीच्या लेण्यांकडे, घेऊन गेले.

गावाचं नाव भद्रावती, रेल्वे स्टेशनचं नाव अजून भांदक. खाणी, आयुध कारखाना, जैन मंदिर, भद्रनागाचं देऊळ, आणि डोलारा तलावात दगडी खांबांवर उभा असलेला जुना पूल, ज्यावरून आता बगळे चालतात. इथंच राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे ताम्रपट सापडले, शके ६९४ चे, म्हणजे इसवी सन ७७२ चे. वेरुळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे तोच हा राजा. डोंगर वरून खाली फोडत मधलं देऊळ तेवढं ठेवून बाकी दगड उचलून टाकायचं, ही ज्याच्या काळातली युक्ती, त्याचे ताम्रपट उघड्या खाणींच्या गावी मिळावेत, यावर मी बराच वेळ एकटीच हसले होते. कैलासाच्या ओबीचं काय केलं असेल हो त्यांनी?

विजासनची टेकडी गावालाच लागून. बौद्ध लेणी, जवळपास दोन हजार वर्षांची मानतात. बाहेरून काही भव्य नाही. पण आत शिरलं की एक अरुंद दालन सरळ टेकडीच्या पोटात जातं आणि त्याच्या टोकाला, अंधारात, बसलेला बुद्ध. दोन्ही बाजूंना काटकोनात आणखी दोन दालनं, त्यांच्याही टोकाला बुद्ध. आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी नुकत्याच मेणबत्त्या लावून गेलं होतं. बाबा दाराशी थांबले. आत बघितलं. म्हणाले, "हे तर गॅलरी होय."

खाणीत कोळसा काढत जाणाऱ्या बोगद्याला गॅलरीच म्हणतात. मग त्यांनी भिंतीवर हात ठेवला. छिन्नीचे घाव अजून दिसतात, तिरपे, एकाखाली एक, एकाच हाताचे असावेत असे. बाबांनी बोट फिरवून त्यांची दिशा बघितली आणि उजव्या खांद्यावरून काल्पनिक हातोडा मारून बघितला. मान हलवली. "डावखुरा होता," म्हणाले. मी म्हटलं, "कशावरून?" तर उत्तर नाही. वर बघत म्हणाले, "टेका नाई एकही."

छत्तीसगडहून आलेलं एक कुटुंब आमच्या मागे उभं होतं. बाबांच्या हातात काठी होती, गुडघ्यासाठी घेतलेली. त्यांनी ती उलटी धरली, मूठ वर. आणि चालत चालत छताला हलकेच लावत गेले. टक. टक. टक. कान थोडा वर, तोंड किंचित उघडं, जसं ऐकताना माणसाचं होतं. मागच्या कुटुंबातला लहान मुलगा आईला विचारत होता, आजोबा काय करतायत. मी तोंड उघडलं होतं, की अहो बाबा, पुरातत्त्ववाल्यांची जागा आहे, काठी लावू नका. पण त्या आवाजात इतकी सवय होती की मी थांबले. टक. टक. दालन तसं लहानच. चाळीस-पन्नास पावलं झाली असतील. बुद्धाच्या थोडं अलीकडे ते थांबले. पुन्हा मागे एक पाऊल. पुन्हा तिथंच काठी. मला काही वेगळं ऐकू आलं नाही.

"तिथी नको उभी राहू, माय," ते म्हणाले, आणि माझ्या कोपराला धरून मला हातभर बाजूला घेतलं. मागच्या मुलालाही हातानं इकडे सरक म्हणून खुणावलं. तो सरकला. मग काठी भिंतीला टेकवून बाबांनी चपला काढल्या.